साडूभाऊ आणि खरवस

खाण्याची लाज वाटणारा माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून एकच आहे आणि तो माझा साडू आहे. बाकी आपण सगळे खातो, पोटावरून हात फिरवतो आणि आडवे होतो. साडूभाऊ खातात आणि ओशाळतात. भाकरीचा तुकडा मोडताना त्यांचा चेहरा दुसऱ्याच्या घरातली काच फोडून आल्यासारखा असतो. "घ्या ना आणखी थोडं" म्हटलं की आधी नको म्हणतात, मग घेतात, आणि का घेतलं ते आपल्यालाच समजावून सांगत बसतात. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईचे, ते यजमान. शहापूरहून तानशाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांची भात भरडायची गिरणी आहे, गिरणीमागे घर, घरामागे गोठा आणि गोठ्यात एक म्हैस. मी इकडे मुरबाडला वह्या-पुस्तकांचं दुकान चालवतो. महिन्यातून एकदा तरी किन्हवलीवरून एस.टी.नं त्यांच्याकडे जाणं होतं, कारण दोन्ही बहिणींना फोनवर भांडून समाधान होत नाही.

पूर्वी असं नव्हतं. हळदीच्या जेवणाला साडूभाऊ बसले की वाढपी एकमेकांना डोळा मारत आणि एक जण कायमचा त्यांच्या पानापाशीच उभा करत. वडे आणि मटणाचा रस्सा, सुक्या बोंबलाचं कालवण, भातावर तूप, तुपावर पुन्हा भात. देह धिप्पाड, त्यात गिरणीतलं बसून काम. शहापूरचे डॉक्टर दरवर्षी वजन कमी करायला सांगत आणि साडूभाऊ दरवर्षी डॉक्टरांना घरी जेवायला बोलवत. पण या माणसाचा खरा जीव होता खरवसावर. म्हैस व्याली की पहिले दोन-तीन दिवस जो दाट, पिवळसर चीक निघतो, त्यात गूळ-वेलची घालून वाफवायचं. आमच्याकडे हा चीक एकट्यानं खायचा नसतो. ज्याच्या गोठ्यात म्हैस विते त्याच्या दारातून किटल्या भरभरून निघतात, आळीत जातात, सोयऱ्यांकडे जातात, मास्तर-डॉक्टरांकडे जातात. किटली आली नाही तर माणसं वर्षभर लक्षात ठेवतात. पंचक्रोशीत कोणाची म्हैस कधी विणार हे साडूभाऊंना मालकाच्या आधी ठाऊक असे आणि त्या सुमारास ते त्या घरी काहीतरी विसरलेली वस्तू न्यायला हटकून जात.

आणि मग, मागल्याच्या मागल्या नवरात्रात, त्यांची स्वतःचीच म्हैस व्याली. सकाळी सकाळी रेडकू जमिनीवर आलं. ते पायांवर धड उभं राहायच्या आत साडूभाऊ चरवी घेऊन खाली बसले. सगळा चीक काढला. संध्याकाळी पुन्हा काढला, दुसऱ्या दिवशी पुन्हा. चूल पेटती राहिली, किटल्या सुटल्या, एक मुरबाडला आमच्याकडेही आली. साडूभाऊंनी परात मांडीवर घेऊन खरवस खाल्ला. रेडकाला नंतर उरलंसुरलं चाटायला सोडलं. त्याला हगवण लागली आणि चार-पाच दिवसांत ते गेलं. ढोरांचे डॉक्टर आले होते. त्यांनी वाकून बघितलं आणि एवढंच विचारलं, "पहिल्या दिवशी चीक पाजला होता ना पोटभर? त्यावरच तगतं रेडकू." स्वयंपाकघराच्या दाराशी किटल्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या, त्या साडूभाऊंना दिसत होत्या.

बाकी कोणाला त्याचं काहीच वाटलं नाही. शेजारी म्हणाले, "रेडाच होता, गेला तं गेला." एकानं कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे उभं करायचं सुचवलं, म्हणजे ती पान्हा सोडील. आमच्याकडे करतात तसं. साडूभाऊ त्या माणसाच्या अंगावर धावून गेले. म्हैस दोन-तीन दिवस दाराकडे तोंड करून ओरडत होती आणि ती ओरडायला लागली की साडूभाऊ घराबाहेर जाऊन उभे राहत. त्यानंतर त्यांनी दूध सोडलं. दूध सोडलं म्हणून दही, ताक, तूप सोडलं. मग म्हणाले, आता थांबायचं कशाला, आणि अंडी, मटण, मासळी, अगदी सुकटीची चिमूटसुद्धा सोडली. अशा खाण्याला वीगन म्हणतात हे त्यांना पुढे मोबाइलवर सापडलं आणि आपल्या लाजेला नाव असल्याचं बघून त्यांना जरा बरं वाटलं. हे सगळं त्यांनी मला एकट्याला सांगितलं, एस.टी.च्या थांब्यावर, आणि वर हात जोडले. "साडू, कोनाला बोलू नका. तुमचे ताईला पन नाय. खादाडपनानं रेडकू मारला असा कोन सांगेल? मी सांगितलाय, डॉक्टरांनी वजन कमी कराला लावलाय म्हनून." आता मी हे लिहितो आहे ते त्यांचा शब्द मोडून नाही. पुढे काय झालं ते येतंच आहे.

तर वजन हा त्यांचा पडदा. गावाला मात्र या पडद्याचा अर्थ लावता येईना. माणसानं मटण सोडलं तर आमच्याकडे एकच प्रश्न असतो, माळ कधी घातली? भजनी मंडळातल्या लोकांनी त्यांना पुढे बसवायला सुरुवात केली. एक म्हातारे गृहस्थ तर त्यांच्या पाया पडायला वाकले आणि साडूभाऊ त्यांच्याहून खाली वाकले, दोघांची डोकी आपटली. पण मग मंडळात दूध-साखरेचा प्रसाद फिरला आणि साडूभाऊंनी हात मागे घेतला. "माळ हाय ना तुमाला? मग दूध कशाला नाय?" "माळ नाय घातली." "मग मटन कशाला सोडला?" "वजन." "वजनाला परसाद काय करतो?" साडूभाऊ टाळ खाली ठेवून, चपला न घालता घरी आले. चपला दुसऱ्या दिवशी ताईनं आणल्या.

चहाचं प्रकरण याहून वाईट. कोरा चहा त्यांच्या घशाखाली उतरेना, म्हणून त्यांनी शेंगदाणे भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून दूध काढलं. ते चहात घातलं की चहा फाटे. मग नारळाचं काढलं, त्याचा चहा सोलकढीच्या गावाला जाऊन आल्यासारखा लागे. मी गेलो की मला हा चहा मिळे आणि साडूभाऊ माझ्या तोंडाकडे टक लावून बघत. "चांगला लागतो ना? दुधाचाच वाटतो ना?" मी हो म्हणे आणि कपातलं पाणी वर, चोथा खाली असं होण्याआधी घाईनं पिऊन टाकी. ताई आतून म्हणे, "लेकराला औषध पाजल्यासारखा पाजतात हो हे. माझे दादल्याचा चहा पिऊन आता भिकारी पन दुसऱ्यांदा येत नाय."

लग्नसराईत तर माझीच पंचाईत होई, कारण दोन्ही घरांना आमंत्रण एकच असायचं आणि बसावं लागे शेजारी. साडूभाऊ पिशवीतून डबा काढत. त्यात उकडलेले कडवे वाल, नाचणीची भाकरी आणि खुरासणीची चटणी. यजमान हात जोडून उभे, भोवती शे-दीडशे माणसं वड्यांवर तुटून पडलेली, आणि हा एवढा थोरला माणूस मान खाली घालून वाल सोलून खातोय. यजमानांना वाटे, आपल्या घरचं अन्न यांना चालत नाही. एकदा नवरीच्या बापानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आमचा काय चुकला का?" मी त्यांना वजनाची गोष्ट सांगितली. त्यांनी साडूभाऊंकडे एकवार नीट पाहिलं आणि म्हणाले, "वजन तं तसाच हाय की."

हेच तर दुखणं होतं. वजन तसंच नव्हतं, वाढलं होतं. झालं असं, की दूध-मांस सोडल्यावर साडूभाऊंच्या लक्षात आलं, वडापाव चालतो. कांदाभजी चालते. चिवडा, फरसाण, शेंगदाण्याची चिक्की, सगळं चालतं. जे हातातून सुटलं त्याची भूक त्यांनी जे चालतं त्यावर काढली. मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेला आम्ही दोघं बरोबर गेलो तेव्हा मी हे डोळ्यांनी पाहिलं. बैलबाजाराकडे न वळता साडूभाऊ थेट मिठाईच्या दुकानांच्या रांगेत घुसले आणि जिलबीवाल्याला विचारू लागले, "पिठात दही घालता का?" तो म्हणाला, "दह्याशिवाय जिलबी व्हते का कधी?" पुढचा म्हणाला घालत नाही, पण साडूभाऊंना तो खोटं बोलतोय असं वाटलं. शेवटी गोडीशेव मिळाली. बेसन, गूळ, तेल. साडूभाऊंनी ती घरी न्यायला म्हणून चांगली भरपूर घेतली आणि परतीच्या रस्त्यात, धूळ खात धावणाऱ्या जीपमध्ये, एकेक करत सगळी संपवली. शहापूर जवळ आलं तसा त्यांनी रिकामा कागद चोळामोळा करून माझ्या खिशात कोंबला. "ताईनं विचारला तं तुमी खाल्ली म्हना." ताईनं विचारलं. मी म्हटलं, मी खाल्ली. ताई माझ्या किडकिडीत अंगाकडे आणि त्यांच्या बोटांवरच्या गुळाकडे बघत राहिली.

पडदा फाटायला आला होता. वजनासाठी सोडलं म्हणायचं आणि वजन वाढतंय, तर लोक उद्या खरं कारण विचारणार, ही भीती त्यांना रात्रंदिवस लागून राहिली. गिरणीत भाताची पोती तोलायचा काटा आहे. गिऱ्हाईक नसलं की साडूभाऊ हळूच त्यावर चढत. एकदा एक शेतकरी मागून आला आणि म्हणाला, "शेट, सवताच भरडाला जाताव का काय?" साडूभाऊ काट्यावरून उतरले ते थेट आत जाऊन पडले आणि संध्याकाळपर्यंत जेवले नाहीत.

तेव्हापासून मात्र माणूस खरोखर सुधारला. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी कुळथाचं पिठलं किंवा वाल, भात मुठीएवढा, रात्री भाजी. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, शेवळं, जे रानातून येईल ते. तळण बंद. तानशाच्या रस्त्यानं रोज चालणं. सदरा सैल पडू लागला, गळ्याची हाडं प्रथमच दिसली. पण जीभ कुठे जाते? दुपार कलली की गिरणीशेजारच्या टपरीवर भजीचा घाणा पडतो. कढईत पीठ सोडल्याचा चर्र आवाज आला की साडूभाऊ उठतात आणि गिरणी सुरू करतात. भात नसतं, गिऱ्हाईक नसतं, रिकामी गिरणी धडधडत राहते आणि घाणा उतरला की बंद होते. टपरीवाला बिचारा समजतो, शेटचा धंदा जोरात आहे.

आवाजावर त्यांनी असा इलाज काढला, वासावर मात्र निघेना. एकदा न कळवता आमच्याकडे आले, नेमके आमच्या घरी बोंबील भाजत होते. बायकोनं घाईघाईनं तवा झाकला, खिडक्या उघडल्या, उदबत्ती लावली. साडूभाऊ ओटीवर बसले, भाकरी आणि लसणाची चटणी घेतली. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, ते जागा बदलत बदलत स्वयंपाकघराच्या दाराशी सरकलेत आणि प्रत्येक घासाआधी लांब श्वास घेतायत. मी पाहिलं तसे ते लालबुंद झाले. "साडू," ते अगदी हळू बोलले, "वास चालतो का ओ?" मला हसू आलं आणि ते हसू मध्येच अडकलं, कारण त्यांनी ते खरंच विचारलं होतं.

म्हैस पुन्हा गाभण होती. जसजसे दिवस भरत आले तसतशा साडूभाऊंच्या गोठ्यात खेपा वाढल्या. गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सकाळी ताईचा फोन आला, "व्याली गो, रेडी झालीय. भाऊजींना डबा घेऊन धाड." बायकोनं झाकणाचा मोठा डबा पिशवीत घालून दिला आणि मी मिळेल ती एस.टी. पकडून निघालो.

पोचलो तेव्हा गोठ्यापुढे आठ-दहा माणसं उभी होती, प्रत्येकाच्या हातात किटली नाहीतर तपेली. आत साडूभाऊ शेणात मांडी घालून बसले होते. लुगड्याच्या फडक्यानं पुसलेली रेडी त्यांनी दोन्ही हातांनी पोटाखाली धरून म्हशीला लावली होती आणि ती ढुशा देत पीत होती. चारही सडं तिनं आलटून पालटून धरली. उरलेला चीक साडूभाऊंनी काढला आणि बाटलीत भरला, तिच्या संध्याकाळच्या पाजणीसाठी. त्यांचं तोंड बाटलीपासून वीतभर लांब होतं. तो पिवळा वास मलाही बाहेर येत होता.

"फ्रीजमध्ये ठेव," त्यांनी ताईच्या हातात बाटली दिली.

"आनि लोकांना काय देऊ?"

"चार दिस कोनाला नाय. तिचा हाय तो."

ताईचा चेहरा उतरला. दारात आलेल्या माणसाला चीक नाकारणं म्हणजे तोंडावर दार लावणं. "अवो, वर्सानुवर्स दिलाय लोकांनी आपल्याला. तुमी तं सगल्यांचे घरी जाऊन खाल्लाय. आता आपले घरातनं मानसं रिकामी जातील? मना तोंड दाखवाला जागा नाय ठेवलीत."

एक जण म्हणाला, "जास्त पाजू नका शेट, हगवन लागंल." दुसरा हसून म्हणाला, "वजनासाठी सोडला तं आमाला द्या की, आमचा कुठं वाढलाय?" सगळे हसले. मला वाटलं, साडूभाऊ आता त्या वजनाच्या पडद्याआड जातील, काहीतरी पुटपुटतील आणि शेवटी बाटली परत आणायला लावतील. तेही मला चाललं असतं, पिशवीत डबा होता.

ते उठले. गुडघ्यांना शेण, सदऱ्याला लाळ. दाराच्या चौकटीला धरून म्हणाले, "वजनाचा खोटा हाय. मागचे टायमाला रेडकू मेला ना, तो हगवनीनं नाय मेला. त्याचा चीक मी खाल्ला. पयल्या दिसाचा सगला काढला, त्याचे तोंडाला लावला पन नाय. परात मांडीवर घेऊन खाल्ला मी." एवढं बोलून त्यांनी खांद्यावरचा पंचा तोंडाला लावला. एवढा थोरला माणूस, गोठ्याच्या दारात, सगळ्या आळीपुढे.

ताई त्यांच्याकडे बघत होती. मग पुढे उभी असलेली शेजारची म्हातारी काकी, जिला आळीत कोणी कधी मऊ बोलताना ऐकलं नव्हतं, तिनं हातातली किटली पदराआड धरली. "तू एकल्यानं कुठं खाल्लास रे?" ती म्हणाली. "माझे घरी किटली आलेली. आमी पन खाल्ला. चांगला झालेला म्हनून बोटा चाटली आमी." आणि ती वळली. बाकीचेही एकेक करून, किटल्या अंगाशी धरून निघाले. ताई बाटली घेऊन आत गेली आणि फ्रीज उघडल्याचा आवाज आला.

संध्याकाळी साडूभाऊ मला थांब्यापर्यंत सोडायला आले. एस.टी.ला वेळ होता. त्यांनी अंघोळ केली होती, तरी हाताला चिकाचा वास होता आणि ते हात पाठीमागे धरून उभे होते. मी म्हटलं, बरं केलंत, मन मोकळं झालं. त्यांनी मान हलवली.

"नाय झाला," ते म्हणाले. "तुमाला एक सांगू? सकाळी बाटली भरताना माझे तोंडाला पानी सुटला. ती पोर पीत व्हती माझे हातात, आनि मना खरवस दिसत व्हता. आमचा रेडकू आठवला, तरी पानी सुटला." मग शाळेतल्या मुलानं मास्तरांना विचारावं तसं त्यांनी विचारलं, "असा मरस्तोवर सुटंल का ओ?"

इतकी वर्षं पोटभर जेवून उठतो, पण तोंडाला सुटलेल्या पाण्याची मला कधी लाज वाटलेली नाही. त्या संध्याकाळी वाटली. मी पिशवी काखेत घट्ट धरली, आतला रिकामा डबा वाजू नये म्हणून, आणि गाडीची वाट बघत त्यांच्या शेजारी नुसता उभा राहिलो.